उंबरठ्याच्या आंतील मतदान

निवडणूक जवळ आली म्हणजे कोणता उमेदवार चांगला आणि कोणता वाईट, यावर आपल्या घरांत जेवणाच्या पंक्तीपासून ओटीपर्यंत वाद रंगतात. पण माजघरांत पलंगावर पडून असलेल्या आजीचें मत कोठें व कसें पडणार, किंबहुना तें पडणार आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्या गदारोळांत सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तिला जिना उतरवत नाहीं, आजोबांस रांगेंत उभें राहवत नाहीं. तेव्हां त्यांचें मत राहिलें तर राहिलें, अशी एक सोयीची समजूत आपण करून घेतलेली असते. कायद्यानें ही समजूत आतां निराधार ठरविली आहे. मतदारास उंबरठा ओलांडतां येत नसेल तर मतपत्रिकेनें उंबरठा ओलांडून आंत यावें, अशी तरतूद झाली असून तिचा लाभ उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या आमच्या टापूंतील परिचयाच्या कांहीं घरांनीं २०२४ च्या विधानसभा निवडणुकींत घेतला. ज्यांनीं घेतला नाहीं, त्यांतील बहुतेकांस ती गोष्ट मुदत टळून गेल्यावर कळली. सबब ही हकीकत जरा विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

टपालानें मत देण्याची वहिवाट आपल्याकडे नवी नाहीं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६० व्या कलमांत तिचें मूळ आहे, आणि १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत तिचा विधि सविस्तर दिलेला आहे. मात्र पुष्कळ वर्षें ही सवलत सैनिक, निवडणुकीच्या कामावर नेमलेले नोकर व स्थानबद्ध इसम अशा मोजक्या मंडळींपुरतीच होती. वृद्धांचा विचार २०१९ च्या ऑक्टोबरांत नियम बदलून प्रथम झाला. ८० वर्षांवरील वृद्ध आणि दिव्यांग मतदार यांस घरीं बसून टपाली मतपत्रिकेनें मत देण्याची मुभा मिळाली, व तिचा पहिला प्रयोग त्याच वर्षाच्या अखेरीस झारखंडांतील सात मतदारसंघांत झाला. २०२० सालीं दिल्ली व बिहार येथील निवडणुकींत तो पुढें चालविण्यांत आला. २०२४ च्या मार्चांत वयाची मर्यादा ८० वरून ८५ वर नेण्यांत आली. दिव्यांगांसाठीं वयाची अट नाहीं. पण अपंगत्व निदान ४० टक्के असल्याचा दाखला जोडावा लागतो.

हिमाचल प्रदेशांतील कल्पा गांवचे श्याम सरन नेगी यांचें नांव वाचकांच्या कानांवरून गेलें असेल. १९५१ च्या ऑक्टोबरांत, देशांत इतरत्र मतदान सुरू होण्यापूर्वींच, बर्फाच्या भयानें त्या डोंगरी मुलखांत मतदान उरकून घेण्यांत आलें, आणि सर्वांच्या आधीं मत देणारे म्हणून नेगी प्रसिद्धीस आले. ते पेशानें शिक्षक होते, हें येथें नमूद करतांना आम्हांस थोडासा अभिमान वाटतो. पुढें सत्तर वर्षें ते मतदान केंद्रावर जात राहिले. २०२२ च्या २ नोव्हेंबरला, वयाची शंभरी ओलांडलेली असतां, त्यांनीं प्रथमच घरीं टपाली मतपत्रिकेवर खूण केली. आणि तिसऱ्याच दिवशीं, ५ नोव्हेंबरला, त्यांचा देहान्त झाला.

आतां आमच्या टापूकडे वळूं. येथील पहिली अडचण मतदानाची नसून पत्त्याची आहे. बदलापूरचा रहिवासी आपल्या पत्त्यांत तालुका अंबरनाथ असें लिहितो. पण विधानसभेसाठीं त्याचा मतदारसंघ मुरबाड. उल्हासनगर महापालिकेच्या हद्दींत राहणारा प्रत्येक जण उल्हासनगर मतदारसंघाचाच मतदार असतो असेंहि नाहीं. त्या शहराची कांहीं वस्ती अंबरनाथ मतदारसंघांत, तर कांहीं कल्याण पूर्व मतदारसंघांत मोडते. टपाली मताचा अर्ज जावयाचा तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे, आणि हा अधिकारी मतदारसंघागणिक निराळा. तेव्हां तालुक्याच्या नांवावर विसंबून बदलापूरच्या आजोबांचा अर्ज अंबरनाथास नेऊन देणारा नातू दिवस फुकट घालवितो.

दुसरी अडचण नांवाच्या नोंदणीची. शिलाहारांच्या काळचें, शके ९८२ चें, शिवमंदिर ज्या गांवीं उभें आहे तें अंबरनाथ प्राचीन खरें, पण तेथील व बदलापुरांतील आजची वस्ती बव्हंशीं नवी आहे. गिरगांवांतील, दादरांतील चाळींच्या खोल्या सोडून किंवा कोंकणांतील, देशावरील घर मिटवून लोक येथें आले. मुलगा सकाळच्या लोकलनें मुंबईस जातो आणि आईवडील तिसऱ्या मजल्यावर दिवस काढतात. या आईवडिलांचें नांव पुष्कळदां अजून जुन्याच गांवच्या यादींत असतें. घरपोंच मतपत्रिका येते ती यादींतील मतदारसंघाच्या हद्दींतच. रत्नागिरीच्या यादींतील आजोबांसाठीं बदलापुरांत कोणीहि पेटी घेऊन येणार नाहीं. स्थलांतराची नोंद नमुना ८ भरून करावी लागते. अगदीं नव्या नांवास नमुना ६ लागतो. दोन्हीं ठिकाणीं नांव असूं द्यावें, काय बिघडलें, असें म्हणणारे चतुर लोक आम्हांस भेटले आहेत. बिघडतें तें असें कीं, दोन ठिकाणीं नोंद करण्यास १९५० च्या कायद्यानें मनाई असून त्यासाठीं खोटें निवेदन करणें हा एक वर्षापर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे.

याहून नाजूक गोष्ट वयाची. ८५ वर्षें मोजावयाचीं तीं मतदार यादींत नोंदलेल्या वयावरून. घरच्यांच्या सांगण्यावरून नव्हे. आणि यादींतील वयें कशीं उतरलीं आहेत हें पाहिलें तर हसावें कीं रडावें कळत नाहीं. आमच्या शिक्षकी पेशाचा यांत थोडा वाटा आहे. मुलाची जन्मतारीख बापास आठवत नसली म्हणजे जुने हेडमास्तर बेधडक १ जून लिहीत. त्यामुळें एके काळीं सबंध महाराष्ट्र १ जूनलाच जन्मला कीं काय अशी शंका यावी! मुलींच्या बाबतींत तर शाळेचा दाखलाच नसे. उल्हासनगरांत गोष्ट आणखी निराळी. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत निर्वासित सिंधी कुटुंबें आलीं, व १९४९ सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. आईबापांचें बोट धरून १९४७ सालीं आलेलें आठ वर्षांचें मूल २०२४ सालीं ८५ वर्षांचें झालें. पण त्याच्या जन्माचा कागद सिंधमध्यें राहिला. यादींत चुकून ७९ पडलें असेल तर ऐन निवडणुकींत कितीहि आर्जव केलें तरी उपयोग नाहीं. ती दुरुस्ती आधीं, निवांतपणें, त्याच नमुना ८ नें करून घ्यावी.

नांवांचाहि असाच घोळ. लग्नांत सुनेचें नांव बदलण्याची चाल आपल्याकडे होती. परिणामीं माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरें आणि मतदार यादींत तिसरें, अशीं एकाच बाईचीं तीन नांवें आम्हीं पाहिलीं आहेत. पण याहून मोठा प्रसंग देशानें पूर्वीं अनुभविला आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत असतां उत्तरेकडील कित्येक प्रांतांत लक्षावधि स्त्रियांनीं आपलें नांव परक्या पुरुषास सांगण्याचें नाकारलें आणि 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशाच नोंदी होऊन बसल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं त्या मान्य केल्या नाहींत. नांव सांगण्यास मुदत दिली, आणि तरीहि जवळजवळ २८ लाख स्त्रियांचीं नांवें शेवटीं गाळलीं. त्या वेळीं पुष्कळांस हा निर्णय कठोर वाटला असेल. आम्हांस तो फार दूरदृष्टीचा वाटतो. ज्या व्यक्तीस नांव नाहीं तिचें मत वेगळें कसें मोजावें?

आतां प्रत्यक्ष विधि. घरून मत देण्यासाठीं जो अर्ज करावयाचा त्यास नमुना १२-ड म्हणतात. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांस लोक बीएलओ म्हणून ओळखतात, ते तो घरीं आणून देतात व भरून घेऊन जातात. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पांच दिवसांच्या आंत तो पोंचला पाहिजे. हे पांच दिवस म्हणजेच सर्व प्रकरणाची नाडी होय. २०२४ सालीं कार्यक्रम १५ ऑक्टोबरास जाहीर झाला, अधिसूचना २२ ऑक्टोबरास निघाली, मतदान २० नोव्हेंबरास झालें. मतदानाचा दिवस दूर आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या घरांचें काय झालें तें उघडच आहे. वसुबारस २८ ऑक्टोबरास होती. घरोघरीं भाजणी भाजली जात होती, करंज्यांचें सारण होत होतें, आणि त्याच धामधुमींत १२-ड ची मुदत मुकाट्यानें निघून गेली.

अर्ज मान्य झाला म्हणजे यादींत त्या नांवापुढें पीबी अशी खूण होते. मग मतदानाच्या दिवशीं प्रकृतीस आराम पडला म्हणून केंद्रावर जाऊन मत देईन म्हटलें तरी देतां येत नाहीं. पथक केव्हां येणार हें आधीं कळवितात. मतदार त्या वेळीं घरीं नसला तर दुसरी खेप करतात. तिसरी करीत नाहींत. पथकांत दोन मतदान अधिकारी, एक पोलीस व चित्रीकरण करणारा एक इसम असतो. उमेदवारांसहि वेळापत्रक दिलेलें असल्यामुळें त्यांचे प्रतिनिधि हजर राहूं शकतात. चित्रीकरण सर्व विधीचें होतें, परंतु खूण करतांनाचें होत नाहीं.

आमच्या आत्याबाईंच्या घरीं, बदलापुरास, हा सोहळा आम्हीं जवळून पाहिला. आत्याबाई ८९ वर्षांच्या. गुडघे गेलेले, कान निम्मे गेलेले, बाकी सर्व शाबूत. घरांत तीन पिढ्या मिळून अकरा माणसें. आमचे आतेभाऊ घरचे कर्ते; चाळीस वर्षें त्या घरांतलीं सगळीं मतें त्यांच्या सांगण्याबरहुकूम एका चिन्हावर पडत आलीं आहेत, आणि यांत कांहीं वावगें आहे असें त्यांस कधीं वाटलेलें नाहीं. पथक आलें तेव्हां त्यांनीं पाहुण्यांप्रमाणें स्वागत केलें, चहा ठेवण्यास सांगितलें (तो अधिकाऱ्यांनीं नम्रपणें नाकारला), आणि आईच्या पलंगाशेजारीं खुर्ची ओढून बसले.

पथकांतील मुख्य अधिकारी एक तरुण बाई होत्या. त्यांनीं ओळखपत्र व यादी पडताळली, घोषणापत्रावर आत्याबाईंची सही घेतली आणि म्हणाल्या, “आतां सर्वांनीं कृपा करून बाहेर थांबावें.”

आतेभाऊ हंसले. “अहो, तिला नीट दिसत नाहीं. मी सांगतों कुठं खूण करायची ती.”

बाईंनीं त्यांस उत्तर दिलें नाहीं. आत्याबाईंच्या कानाशीं वांकून विचारलें, “आजी, तुम्हांला मदतीला कोणी हवंय का? हवं असेल तर कोण तें तुम्ही सांगा.”

आत्याबाईंनीं क्षणभर मुलाकडे पाहिलें. मग म्हणाल्या, “चष्मा द्या माझा. उशाखालीं आहे.”

आम्ही सर्व ओटीवर आलों. आंत खरडल्याचा आवाज नाहीं, बोलण्याचा आवाज नाहीं. घड्याळ तेवढें चाललें होतें. पुष्कळ वेळ लागला. मध्येंच अधिकारी बाई दारांतून डोकावल्या आणि वाटींत थोडें पाणी मागितलें. लिफाफ्याचा डिंक जिभेनें ओला करण्यास आत्याबाई तयार नव्हत्या. उष्टें पाकीट सरकारास कसें पाठवावयाचें, असा त्यांचा प्रश्न होता. पाणी गेलें, पाकीट चिकटलें, पेटींत पडलें.

पथक गेल्यावर आतेभावांनीं सहज विचारल्यासारखें केलें, “आई, बरोबर केलंस ना?”

“सांगायचंच असतं तर त्या मुलीनं तुला बाहेर कशाला काढलं असतं?” आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनीं कूस बदलली.

त्या संध्याकाळीं आतेभावांचें जेवणांत लक्ष नव्हतें. “हें काय नवीन,” असें ते दोनदां म्हणाले. त्यांस राग आला होता असें म्हणवत नाहीं. पण आपल्या घरांतील एक खोली आपणांस अपरिचित निघाली तर माणूस जसा भांबावेल, तसे ते भांबावले होते. धाकटी नातसून मात्र आजीच्या पायांस तेल चोळतांना वारंवार हंसत होती.

घरपोंच मतदानाचा खरा प्रश्न आम्हांस येथें दिसतो. मतदान केंद्रावर पुठ्ठ्याचा एक आडोसा असतो व तो सर्वांस सारखा असतो. घरांत आडोसा कोठला? एकत्र कुटुंबांत कपाटाची किल्ली, पेन्शनचें पुस्तक, औषधांची पेटी, सर्व कांहीं सामाईक. तेथें मत तेवढें एकट्याचें ठेवावयाचें म्हणजे प्रेमळ माणसांपासूनच त्याचें रक्षण करावें लागतें. गुप् या संस्कृत धातूचा मूळ अर्थ राखणें, रक्षण करणें असा आहे. लपविणें हा अर्थ मागाहूनचा. गुप्त मतदान म्हणजे राखलेलें मतदान, असें आम्ही वर्गांत मुलांस सांगत असूं. १९५१ च्या कायद्याचें ९४ वें कलमहि हेंच सांगतें: आपण कोणास मत दिलें हें उघड करण्यास कोणासहि भाग पाडतां येत नाहीं. दृष्टि किंवा हात काम देत नसतील त्या मतदारास सज्ञान मदतनीस घेतां येतो. पण तो त्याच्या पसंतीचा, घरच्या कर्त्याच्या पसंतीचा नव्हे, आणि मदत खूण करण्यापुरती, कोणावर करावयाची तें ठरविण्यापुरती नव्हे.

ही भीति आमच्या कल्पनेंतील नाहीं. फ्रान्सनें गैरप्रकारांस कंटाळून १९७५ सालीं टपाली मतदान बंद केलें. इंग्लंडांत मागेल त्यास टपाली मत मिळूं लागल्यावर थोड्याच वर्षांत, २००४ च्या बर्मिंगहॅमच्या स्थानिक निवडणुकींत, टपाली मतांची एवढी लबाडी उघडकीस आली कीं २००५ सालीं न्यायालयानें सहा नगरसेवकांची निवड रद्द केली. अमेरिकेंतील ओरेगन संस्थानांत उलट अनुभव आहे. तेथें १९९८ च्या लोकमतानंतर सर्वच मतदारांस मतपत्रिका टपालानें घरीं येते, आणि लोक त्यावर संतुष्ट आहेत. तिकडे पाकीट येतें, माणूस येत नाहीं. आपल्याकडे पाकिटाबरोबर माणूस येतो आणि घरच्यांस बाहेर काढतो. खर्चाच्या दृष्टीनें आपली रीत महाग असेल. आमच्या कुटुंबपद्धतीस ती अधिक मानवते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

टपाली मताचे इतर हक्कदार थोडक्यांत सांगतों. सेनादलांतील मतदारांस २०१६ पासून मतपत्रिका विद्युत्‌मार्गानें पाठवितात; ती छापून घेऊन, खूण करून, टपालानें परत धाडावयाची असते. नवऱ्याबरोबर नेमणुकीच्या जागीं राहणाऱ्या पत्नीस हा हक्क पूर्वींपासून होता. सैन्यांत अधिकारी असलेल्या स्त्रीच्या पतीस तो २०२१ च्या दुरुस्तीनें मिळाला. अंबरनाथच्या आयुध कारखान्यांतील मुलकी नोकर मात्र सैनिक मतदार नव्हेत, हें तेथील कांहीं कुटुंबांनीं ध्यानांत घ्यावें. निवडणुकीच्या कामावर नेमलेल्या शिक्षकांचे हाल आम्हीं भोगले आहेत. आमच्या वेळीं टपाली मतपत्रिका घरीं येई ती कित्येकदां निकाल लागल्यावर, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या बोटांस शाई लावणाऱ्या मास्तराचें स्वतःचें मत बुडे. २०२३ च्या नियमबदलानंतर अशा नोकरांनीं सुविधा केंद्रांतच मत देऊन तेथेंच टाकावयाचें असतें. ही सुधारणा फार आधीं व्हावयास हवी होती.

परदेशीं असलेल्या मुलांविषयीं आम्हांस वारंवार विचारणा होते. ज्यानें भारताचें नागरिकत्व सोडलेलें नाहीं, त्यास नमुना ६-अ भरून आपल्या मूळ गांवच्या यादींत नांव नोंदवितां येतें, पण मत देण्यासाठीं मूळ पारपत्र घेऊन केंद्रावर स्वतः यावें लागतें. टपालाची सोय त्यास नाहीं. प्रतिनिधीमार्फत मत देऊं द्यावें असें विधेयक २०१८ च्या ऑगस्टांत लोकसभेनें संमत केलें होतें. राज्यसभेंत तें पडून राहिलें व २०१९ सालीं व्यपगत झालें.

मोजणीच्या सकाळीं सर्वांत आधीं टपाली मतेंच हातीं घेतात. २०२४ सालीं २३ नोव्हेंबरास सकाळीं आठ वाजतां ही मोजणी सुरू झाली. प्रथम मोठा लिफाफा उघडतात व घोषणापत्र पाहतात. सही नसली, साक्षांकन नसलें किंवा त्यावरील क्रमांक मतपत्रिकेच्या क्रमांकाशीं जुळत नसला, तर मत बाद. म्हणून सही करतांना कितीहि हात कांपत असला तरी घाई करूं देऊं नये; अंगठाहि चालतो.

पुढील विधानसभा निवडणूक २०२९ सालीं अपेक्षित आहे. वयाची मर्यादा आजचीच राहिली तर १९४४ पूर्वीं जन्मलेलीं सर्व माणसें तोंवर तींत बसतील. यादींतील नोंद तपासण्यासाठीं १९५० हा दूरध्वनि क्रमांक आहे. निवडणूक आयोगाची स्थापनाहि १९५० सालचीच, त्यामुळें तो विसरण्याचें कारण नाहीं. आमच्या आळींत अशीं सात माणसें निघालीं. त्यांतील दोघांचीं वयें यादींत कमी पडलीं आहेत आणि एका बाईंचें नांव अद्याप माहेरच्या गांवीं आहे. तिघांचेहि नमुना ८ गेल्या महिन्यांत भरून दिले.